तोतया ओळखणारे यंत्र

१/
लातूर जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, नांदेडच्या सीमेलगत जळकोट हे तालुक्याचे गाव आहे. त्याच्या दक्षिणेस उदगीर. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ते याच मुलखात. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, भाऊसाहेब पानिपतावर नाहीसे झाले आणि मराठ्यांच्या इतिहासात एक विलक्षण प्रश्न उभा राहिला: समोरचा माणूस जो असल्याचे सांगतो, तोच आहे हे ओळखायचे कसे?

२/
आज जळकोटच्या बँकेतील संगणकापुढे दिवसातून शेकडो वेळा तोच प्रश्न असतो. पासवर्ड बरोबर आहे, कार्ड बरोबर आहे, आदेशही रीतसर आहे. पण देणारा खरा आहे का? संस्थांच्या सायबर सुरक्षेत कृत्रिम बुद्धिमत्ता का आणावी लागली, ती नेमके काय करते आणि तिच्या हाती किती सोपवावे, याचा हा धागा.
#इतिहास #धागा

३/
आरंभ तोतयापासून. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य स्वीकारलेच नाही. अशा शंकेच्या जागीच तोतया उभा राहतो. बुंदेलखंडातील सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण स्वतःला भाऊसाहेब म्हणवू लागला. माधवराव पेशव्यांच्या काळात चौकशी होऊन तो खोटा ठरला आणि त्याची रवानगी कैदेत झाली.

४/
१७७६ साली रत्नागिरीचा मामलेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला कैदेतून बाहेर काढले आणि भाऊसाहेब म्हणून उभे केले. पाहता पाहता कोकणातील अनेक किल्ले त्याच्याकडे गेले. अखेर समुद्रमार्गे निसटू पाहत असता तो रघूजी आंग्र्यांच्या हाती लागला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड देण्यात आला.

५/
या प्रकरणाचे मर्म असे की बाहेरच्या शत्रूने तट पाडावा तसे येथे काही घडले नाही. नाव मोठे होते आणि पाठीशी सरकारी मामलेदार होता. ज्यांनी भाऊसाहेबांना कधी पाहिलेच नव्हते, त्यांच्यापाशी पारखण्यासाठी दुसरे साधनही नव्हते. अधिकाराची खूण जवळ असली म्हणजे तो अधिकारी खरा ठरत नाही, हा धडा त्यांना उशिरा मिळाला. सायबर सुरक्षेचा बराचसा इतिहास हा याच धड्याचा इतिहास आहे.

६/
मराठी दफ्तराला लबाडीची भीती नवी नव्हती. पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपताच लहान मोर्तब उमटे, म्हणजे त्याखाली कुणी ओळ घुसडू शकत नसे. लांब कागद अनेक बंद चिकटवून तयार होई; त्या जोडांवर मागून शिक्के उमटवले जात. मधला बंद बदलला तर शिक्क्याच्या दोन अर्ध्या जुळत नसत आणि लबाडी उघडी पडे.

७/
दुसरी राखण अधिकार वाटून देण्याची. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे समान दर्जाचे तीन अधिकारी असत, असे सभासद बखर सांगते. एकटा फितूर झाला तरी किल्ला जाऊ नये, हा हेतू. पेशवाईत मामलेदाराच्या कारभारावर दरखदारांची नजर असे आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नसे. आज बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, या पद्धतीला 'मेकर-चेकर' म्हणतात. तत्त्व तेच.

८/
तिसरी राखण पतीची. शाहजोग हुंडीचे पैसे कुणाही आलेल्या माणसाच्या हातावर ठेवले जात नसत. बाजारात पत असलेल्या 'शाहा'मार्फतच हुंडी वटे. पुढे लबाडी निघालीच, तर जाब विचारायला तो शाहा जागेवर असे. अनोळखी माणसाची ओळख एका ओळखीच्या माणसाने आपल्या पतीवर घ्यायची, अशी ही व्यवस्था होती. हा शाहा पुढे नांदेडच्या प्रकरणात पुन्हा भेटेल.

९/
शिक्का, दुसरी सही आणि पतदार माणूस या तीन राखणींखेरीज चौथी एक राखण होती. ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती. ती म्हणजे मुरलेल्या कारकुनाची शंका. बाजाराच्या दिवशी शे-पाचशे काढणारे आजोबा आज अनोळखी तरुणासोबत येऊन सगळीच ठेव का मोडत आहेत? सही जुळत असूनही असा कारकून क्षणभर थांबे, चष्मा सावरे आणि विचारे, "आजोबा, सगळं ठीक आहे ना?"

१०/
भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ सालचा. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ मधली. पुढची कित्येक दशके या बँका खातेवह्या आणि ओळखी यांवर चालल्या. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या संगणकीकरणाला दिशा मिळाली. २००४ मध्ये आरटीजीएस आणि २००५ मध्ये एनईएफटी आले. डिसेंबर २०२० पासून तर दोन्ही सेवा वर्षभर, अहोरात्र चालू लागल्या. सोय मोठी झाली. पण रात्री दोन वाजता शंका घेणारा कारकून जागेवर नव्हता.

११/
तो कारकून यंत्रात बसवता येईल का, हा विचार मात्र याच्या बराच आधी सुरू झाला होता. १९८० मध्ये जेम्स अँडरसन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी एक अहवाल लिहिला. संगणक प्रत्येक वापराची नोंद ठेवतोच. ती नोंद केवळ हिशेबापुरती न वापरता तिच्यातून घुसखोर शोधावा, असे त्यांनी सुचवले. ठेवलेले दफ्तर कुणीतरी नेमाने वाचले पाहिजे, इतकी ती साधी सूचना होती.

१२/
अँडरसन यांनी आतल्या धोक्याचे तीन प्रकार मानले. दुसऱ्याची ओळख घेऊन वावरणारा. स्वतःच्या खऱ्या अधिकाराचा गैरवापर करणारा. आणि नोंदच होऊ न देणारा. मराठी इतिहासाच्या वाचकाला पहिल्याची ओळख करून द्यायला नको: तो तोतया. दुसरा फितूर. तिसरा दफ्तरच फिरवणारा. तोतयाची किल्ली खरी असते; म्हणून त्याला वागणुकीवरूनच ओळखावे लागते.

१३/
१९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञावर ती शोधण्याचे काम आले. एवढ्याशा रकमेचा पाठपुरावा करत तो पश्चिम जर्मनीतील मार्कुस हेस या हॅकरपर्यंत पोहोचला. लष्करी संगणकांत शिरून मिळालेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकणाऱ्या टोळीपैकी तो एक होता. मोठी चोरी सापडली ती तिजोरीपाशी नव्हे, हिशेबाच्या वहीत.

१४/
स्टोलसारखा चिकट माणूस प्रत्येक संस्थेला कसा मिळणार? १९८७ मध्ये डोरोथी डेनिंग यांनी त्याचे गणिती उत्तर मांडले. प्रत्येक वापरकर्त्याच्या वागण्याचे एक संख्यात्मक चित्र यंत्राने तयार करावे: तो केव्हा येतो, काय उघडतो, किती वेळ थांबतो. त्या चित्रापासून वागणे फार ढळले की इशारा द्यावा. एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेत या विचारावर प्रत्यक्ष प्रणालीही उभी राहिली. संगणकातील शंकेखोर कारकुनाचा हा जन्म म्हणता येईल.

१५/
हे कसे चालते? समजा, एका शाखेतील अधिकारी रोज साडेदहाला संगणक उघडतो, दिवसाला तीस-चाळीस व्यवहार मंजूर करतो आणि सहाला बंद करतो. एके रात्री त्याच्याच नावाने, त्याच्याच पासवर्डने, दहा मिनिटांत दोनशे व्यवहार मंजूर होऊ लागतात. तेही आजवर कधी पैसे न गेलेल्या खात्यांवर. यातला एकही व्यवहार नियमाबाहेर नाही. विचित्र आहे तो त्यांचा मेळ, आणि यंत्राने पकडायचा असतो तो हा मेळच.

१६/
जुने अँटिव्हायरस चोराच्या छायाचित्रावर चालत. ज्याचे चित्र यादीत, तो पकडला जाई. नवा चोर सुखरूप निसटे. वागणूक शिकणाऱ्या यंत्राला चोराचे चित्र लागत नाही. त्याला घरच्यांची चाल ठाऊक असते आणि त्या चालीत न बसणारे काही दिसले की ते दचकते. १९९० च्या दशकात स्टेफनी फॉरेस्ट यांनी यासाठी शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचे उदाहरण घेतले: आधी 'आपले' ओळखायचे, म्हणजे परके आपोआप वेगळे पडते.

१७/
या राखणीवाचून काय घडते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुण्याचे आहे. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. कॉसमॉस बँकेच्या बनावट कार्डांवर जगभरच्या एटीएममधून पैसे निघू लागले. काही तासांत २८ देशांतून सुमारे १२ हजार व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये गेले. त्याच वेळी भारतातही २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी काढले गेले.

१८/
हे शक्य झाले कसे? एटीएममधून मागणी आली की ती बँकेच्या 'स्विच' नावाच्या यंत्रणेकडे जाते. ती खाते तपासून होकार किंवा नकार कळवते. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून या स्विचसारखीच एक बनावट यंत्रणा उभी केली. मागणी खऱ्या खात्यापर्यंत पोहोचण्याआधीच तोतया स्विच 'द्या' म्हणून मोकळा होई. जगभरची एटीएम त्याला कॉसमॉस बँकच समजली. रत्नागिरीच्या कैदेतून निघालेल्या भाऊसाहेबांची ही नवी आवृत्ती होती.

१९/
प्रकरण तेथेच थांबले नाही. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून बँकेच्या नावे खोटे आदेश गेले आणि १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात जमा झाले. एकूण चोरी ९४ कोटी ४२ लाखांची. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ-मंडळाने या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. भारतात एटीएममधून पैसे काढणारी माणसे मात्र इथलीच होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

२०/
या व्यवहारांकडे एकेक करून पाहिले तर संशय यावा असे थोडेच होते. कार्ड, यंत्र, मागणी, होकार: सारे रीतसर. पण एका पुणेकर सहकारी बँकेचे ग्राहक एकाच संध्याकाळी २८ देशांत रांगा लावून रोकड काढतात, हे चित्र कोणत्याही मुरलेल्या कारकुनाला हसू आणील असे होते. अडचण एवढीच की हे संपूर्ण चित्र त्या वेळी कुणाच्याच डोळ्यांसमोर नव्हते.

२१/
आता मराठवाड्याकडे वळू. जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे सुमारे साडेचौदा कोटी रुपये अशाच रीतीने गेले. लहान सहकारी बँका आरटीजीएस-एनईएफटीसाठी बहुधा एखाद्या मोठ्या बँकेत खाते ठेवतात आणि तिच्यामार्फत पैसे पाठवतात. शंकर नागरी बँकेचे असे खाते आयडीबीआय बँकेत होते. त्या खात्यातून ही रक्कम बाहेर पडली आणि शेकडो खात्यांत विखुरली.

२२/
मोठ्या बँकेच्या पतीवर लहान बँकेचा व्यवहार वटतो. ही शाहजोग हुंडीचीच रचना. फरक एवढा, की जुना शाहा हुंडी घेऊन येणाऱ्याचा चेहरा पाहत असे. येथे दोन संगणक एकमेकांशी बोलतात आणि आदेश रीतसर असला की तो पुढे जातो. शाहा राहिला, पण त्याची नजर गेली. दोन संस्थांच्या मधल्या या आंधळ्या जागेत तोतयाला उभे राहायला पुरेशी जागा मिळते.

२३/
कॉसमॉस प्रकरणानंतर दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा पायाभूत आराखडा काढला. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात या बँकांचे चार स्तर पाडले गेले. ज्या बँकेचा डिजिटल पसारा मोठा, तिच्यावर बंधने अधिक. सर्वांत वरच्या स्तरावरील बँकांना अखंड देखरेख करणारे सुरक्षा-केंद्र उभारणे आवश्यक झाले.

२४/
अशा केंद्रात दिवसभर काय चालते? संगणक, सर्व्हर, एटीएम आणि कर्मचाऱ्यांचे लॉग-इन यांच्या नोंदी एका जागी येतात. मध्यम आकाराच्या संस्थेतही रोज या नोंदी लाखोंनी जमतात. त्या वाचणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे पहिला चाळणीचा हात यंत्राचा असतो. ते नेहमीचे बाजूला सारते, विचित्र वर काढते आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या लहानसहान विसंगती एका सूत्रात ओवून माणसापुढे ठेवते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे येथील खरे काम हेच आहे.

२५/
मग प्रत्येक बँकेत असे यंत्र बसवले की झाले? येथे एक साधे गणित आडवे येते. १९९९ मध्ये स्टीफन अ‍ॅक्सेलसन या संशोधकाने ते मांडले. समजा, दिवसाला दहा लाख व्यवहार होतात आणि त्यांत खोटे फक्त दहा आहेत. यंत्र ९९ टक्के अचूक आहे. ते दहाही खोटे पकडील. पण उरलेल्या खऱ्या व्यवहारांपैकी एक टक्का, म्हणजे जवळजवळ दहा हजार, चुकून संशयित ठरवील.

२६/
म्हणजे हजार हाकांमागे खरी हाक एक. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतील गावकरी जसे शेवटी उठेनासे झाले, तसाच इशाऱ्यांना विटलेला कर्मचारी खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतो. त्यामुळे चांगल्या यंत्राची परीक्षा किती चोर पकडले एवढ्यावर होत नाही. किती भल्या माणसांना त्याने विनाकारण अडवले, हेही मोजावे लागते.

२७/
ही बाब केवळ तांत्रिक नाही. सोयाबीनचे पैसे वर्षातून एकदाच खात्यात मोठ्या रकमेने जमा होतात आणि लगेच बी-बियाणे, उधारी, लग्नकार्य यांत वाटले जातात. महिन्याच्या पगारावर शिकलेल्या यंत्राला जळकोटच्या शेतकऱ्याची ही चाल विचित्र वाटू शकते. सायबर तक्रारीनंतर खाती गोठवली गेल्याचे वाद उच्च न्यायालयांपर्यंत गेले आहेत. ऐन पेरणीत खाते गोठले, तर यंत्राच्या शंकेची किंमत त्या घराला मोजावी लागते.

२८/
दुसऱ्या बाजूने पाहिले तर चोरीचा पैसा लपतो तोही सामान्यांच्याच खात्यांत. चार-दोन हजारांसाठी कुणी आपले खाते, एटीएम कार्ड आणि सिम परक्याच्या हाती देतो. अशा खात्याला 'म्यूल' म्हणजे ओझे वाहणारे खाते म्हणतात. ती ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर डॉट एआय' ही प्रणाली तयार केली आणि ६ डिसेंबर २०२४ च्या निवेदनात गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी तिचा उल्लेख केला.

२९/
येथे शिकणाऱ्या यंत्राचा विशेष उपयोग आहे. ठरावीक नियम चोर लवकर हेरतो: पन्नास हजारांवर तपासणी होते म्हटल्यावर तो एकोणपन्नास हजार पाठवतो. परंतु अनेक महिने निपचित पडलेले खाते एकाएकी जागे होणे, पैसे येताच काही मिनिटांत पुढे जाणे आणि शिल्लक पुन्हा शून्यावर येणे, ही चाल लपवणे कठीण असते. एकेका खात्यापेक्षा खात्यांमधील नाती पाहिली तर अख्खी साखळी दिसू लागते.

३०/
तोतयाही स्वस्थ बसलेला नाही. जाळ्यात शिरलेला हल्लेखोर लगेच हात मारतोच असे नाही. तो हळूहळू वावर वाढवतो, म्हणजे यंत्राला त्याचीच सवय होते. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्ता त्याच्याही हाती आली आहे. २०२४ च्या आरंभी हाँगकाँगमधील 'अरुप' या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याला व्हिडिओ बैठकीत वरिष्ठ अधिकारी दिसले. ते चेहरे आणि आवाज यंत्राने बनवलेले होते. सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले.

३१/
सुखनिधानला भाऊसाहेबांचा चेहरा उसना घेता आला नव्हता. आजच्या तोतयाला तो घेता येतो. म्हणून बोलावणाऱ्याचा चेहरा पाहून किंवा आवाज ऐकून पैसे पाठवण्याची रीत आता धोक्याची झाली आहे. यावरचा उपाय मात्र जुन्या दफ्तरातला आहे: आदेश ज्या वाटेने आला ती सोडून दुसऱ्या, आधीच ठाऊक असलेल्या वाटेने खात्री करायची आणि मोठी रक्कम एकट्याच्या सहीने सोडायची नाही.

३२/
लहान संस्थांपुढे आणखी एक पेच आहे. स्वतःचे सुरक्षा-केंद्र परवडत नाही, म्हणून त्या एखाद्या सामाईक कंपनीच्या आधाराने चालतात. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या अशाच सेवा-कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. धोका पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक निगमाने तिला देयक-जाळ्यापासून तोडले आणि जवळजवळ ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली.

३३/
त्या दिवशी जाळ्यापासून तोडण्याचा निर्णय घेणे ही फार मोठी जबाबदारी होती. शेकडो गावांतले व्यवहार थांबणार, हे ठाऊक असूनच तो घ्यायचा होता. यंत्र धोक्याची तीव्रता सांगू शकते. पण धोका आणि गैरसोय तराजूत घालून उत्तरदायित्व पत्करणे हे माणसाचे काम राहते. निर्णय चुकला तर लोकांना जाब विचारायला कुणीतरी जागेवर असले पाहिजे. शाहजोग हुंडीतील शाहा याचसाठी होता.

३४/
दफ्तराचे महत्त्वही तितकेच टिकून आहे. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे संस्थांना बंधनकारक केले. नोंदी नसतील तर शिकणाऱ्या यंत्राला शिकायला काही उरत नाही आणि तपास करणाऱ्याला वाचायला. अँडरसन यांचा तिसरा शत्रू, दफ्तर फिरवणारा, याच कारणाने सर्वांत घातक ठरतो.

३५/
१७७६ च्या चौकशीकडे पुन्हा पाहिले तर तिच्यात दोन टप्पे दिसतात. आधी शंका, मग शहानिशा. शंका पुष्कळांना होती. पण नुसत्या शंकेवर कुणाला भाऊसाहेब किंवा तोतया ठरवणे योग्य झाले नसते. त्यासाठी माणसाला समोर आणून चौकशी करावी लागली. कृत्रिम बुद्धिमत्तेने पहिला टप्पा जलद आणि व्यापक केला आहे. दुसरा टप्पा तिच्यामुळे अनावश्यक होत नाही. इशारे वाढल्यामुळे त्याची गरज उलट वाढली आहे.

३६/
जळकोटच्या शाखेत उद्या एखाद्या आजोबांचा व्यवहार यंत्राने अडवला, तर यंत्राने आपले काम केले असे म्हणता येईल. त्यानंतर काउंटरपलीकडचा माणूस खुर्चीवरून उठतो का, आजोबांना बसवून विचारपूस करतो का, आणि व्यवहार खरा असेल तर त्यांचे पैसे त्याच दिवशी मोकळे करण्याचा अधिकार त्याच्यापाशी आहे का, यावर त्या राखणीची किंमत ठरेल. हा अधिकार कुणाला, किती आणि किती वेळात, हे प्रत्येक बँकेने यंत्र विकत घेण्यापूर्वी लिहून ठेवावे.

लेखनसीमा.
#मराठवाडा #उदगीर #जळकोट #सायबरसुरक्षा